पंधराव्या वर्षी दहाच स्पर्धा का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर महिलांची मुंबई ओपन स्पर्धा झाली. कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती ही पंधरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. तिथे तिला स्वित्झर्लंडच्या जिल टाइकमनने हरवले आणि पुढे विजेतेपदही टाइकमननेच मिळवले. त्याच महिन्यात दुबईत रशियाची सतरा वर्षांची मिरा आंद्रेयेवा डब्ल्यूटीए १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारी सर्वांत लहान खेळाडू ठरली. मार्चमध्ये तिने इंडियन वेल्सही जिंकले, तेही अंतिम फेरीत अव्वल क्रमांकाच्या सबालेंकाला हरवून. दरम्यान ब्राझीलच्या अठरा वर्षांच्या झ्वांव फोन्सेकाने ब्युनॉस आयर्सची स्पर्धा खिशात घातली. टेनिसमध्ये पुन्हा लहान मुलांचे दिवस आले, अशी चर्चा त्यामुळे सुरू झाली. अकादमीबाहेर दुचाकीवर बसून मुलांची वाट पाहणाऱ्या पालकांच्या मनातही तोच विचार आला असणार.

पण यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मायाने मुंबईत कितीही चांगला खेळ केला तरी तिला पुढच्या प्रत्येक आठवड्यात अशी स्पर्धा खेळता येणार नाही. नियमच आडवा येतो. महिला टेनिसमध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही. त्यानंतर चौदाव्या वर्षी साधारण आठ, पंधराव्या वर्षी दहा, सोळाव्या वर्षी बारा आणि सतराव्या वर्षी सोळा स्पर्धा, अशी पायऱ्यापायऱ्यांची मर्यादा आहे. हे वर्ष एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत मोजतात. कामगिरी चांगली असेल तर काही जादा स्पर्धांची मुभा मिळते. अठरा पूर्ण झाल्यावर मर्यादा उठते. फुटबॉल किंवा क्रिकेटमध्ये असा काटेकोर वयाचा कोटा नाही, मग टेनिसलाच तो का लागला? त्याचे उत्तर खेळापेक्षा वैद्यकशास्त्रात जास्त सापडते.

१९७९ मध्ये ट्रेसी ऑस्टिन सोळाव्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकली. विशीत येईतो पाठीच्या दुखण्याने तिची कारकीर्द जवळपास थांबली होती. अँड्रिया येगर चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाली, जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, १९८३ मध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली, आणि एकोणिसाव्या वर्षी खांद्याने तिला खेळाबाहेर काढले. मग जेनिफर कॅप्रियाती आली. मार्च १९९० मध्ये, चौदावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, ती पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली आणि थेट अंतिम फेरीत गेली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून सुवर्ण. १९९३ च्या अमेरिकन ओपननंतर तिने खेळणे सोडले आणि पुढच्या वर्षी गांजा बाळगल्याबद्दल तिला अटक झाली. वय अठरा. अटकेनंतरचा तिचा फोटो जगभर छापून आला, आणि महिला टेनिसच्या कारभाऱ्यांना हा विषय आणखी पुढे ढकलणे शक्य राहिले नाही.

१९९४ मध्ये तज्ज्ञांचा एक आयोग नेमला गेला आणि १९९५ पासून वयाचा नियम लागू झाला. नियम येण्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये दोन चौदा वर्षांच्या मुलींनी घाईने व्यावसायिक पदार्पण उरकून घेतले: मार्टिना हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स. या दोघींचे पुढे काय झाले ते पाहिले तर नियमाच्या बाजूचेही आणि विरुद्धचेही पुरावे एकाच जोडीत मिळतात. हिंगिस सोळाव्या वर्षी अव्वल झाली आणि बावीस वर्षांची असताना घोट्यांच्या दुखापतींमुळे निवृत्त झाली. अर्थात ती नंतर परतली. व्हीनस चाळिशी ओलांडूनही खेळत राहिली.

म्हणून एकेका खेळाडूच्या गोष्टीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. स्टेफी ग्राफनेही १९८२ मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक पदार्पण केले होते आणि तिने बावीस ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवली. पालक हे उदाहरण हमखास देतात. पण तेराव्या वर्षी सुरुवात केलेल्या आणि अठराव्या वर्षी घरी बसलेल्या मुलींची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. रुग्णालयात फक्त बरे होऊन गेलेल्यांना विचारून औषधाचा गुण ठरवला तर कोणतेही औषध रामबाणच ठरेल, तसाच हा प्रकार.

नियमाची दहा वर्षांनी रीतसर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. नियमापूर्वीच्या आणि नंतरच्या खेळाडूंची तुलना केली तेव्हा कारकिर्दीची मध्यक लांबी ४३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकविसाव्या वर्षापर्यंतच खेळ सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. आकडे प्रभावी आहेत, यात वाद नाही. तरी त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. त्याच काळात बक्षिसांची रक्कम वाढली, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ खेळाडूंबरोबर फिरू लागले, गुडघ्याच्या आणि खांद्याच्या शस्त्रक्रिया सुधारल्या. यातले किती श्रेय नियमाचे आणि किती बाकीच्या गोष्टींचे, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही. शिवाय नियमाबरोबर नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन, मानसिक आरोग्य आणि पालकांचे प्रशिक्षण असा कार्यक्रमही आला होता. नुसत्या बंदीपेक्षा कदाचित त्याचाच उपयोग जास्त झाला असेल.

नियमावर टीकाही आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. २०१९ मध्ये कोको गॉफने पंधराव्या वर्षी विम्बल्डनमध्ये व्हीनसला हरवले तेव्हा रॉजर फेडररने नियम थोडा सैल करावा असे मत मांडले. (गॉफचे व्यवस्थापन तेव्हा फेडररच्याच सहभागातल्या कंपनीकडे होते, हेही सोबत सांगायला हवे.) मुद्दा असा की वर्षाला दहाच स्पर्धा मिळत असतील तर त्यातल्या प्रत्येकीचे ओझे वाढते. एका आठवड्यात आजारी पडले की दहावा हिस्सा गेला. आणि स्पर्धा नसलेल्या आठवड्यांत मुलगी घरी आराम करते असे थोडेच आहे? ती सराव करते, कधी कधी स्पर्धेतल्यापेक्षा जास्त.

इथेच या नियमाची खरी मर्यादा दिसते. तो स्पर्धा मोजतो, सर्व्हिस मोजत नाही. शरीराला मात्र सामना अधिकृत होता की सरावाचा, हे कळत नाही.

आता खालच्या पायरीकडे येऊ. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची कनिष्ठ स्पर्धांची साखळी तेराव्या वर्षापासून सुरू होते आणि अठरापर्यंत चालते. जे ३० पासून जे ५०० पर्यंत दर्जे आहेत. वरच्या टोकाला चार ग्रँड स्लॅमच्या कनिष्ठ स्पर्धा, खाली आशिया-आफ्रिकेतल्या छोट्या शहरांतल्या आठवडाभराच्या स्पर्धा. त्याहून लहान मुलांसाठी फ्रान्समध्ये तार्ब येथे चौदा वर्षांखालील मुलांची ले पेती आस ही स्पर्धा १९८३ पासून भरते. तिथे जिंकणाऱ्या मुलाच्या मागे दुसऱ्याच दिवशी रॅकेट आणि कपड्यांच्या कंपन्यांचे लोक असतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरेंज बाउलची परंपरा तर १९४७ पासूनची.

कनिष्ठ क्रमवारीत खेळाडूचे एकेरीतले सर्वोत्तम सहा निकाल धरतात आणि त्यात दुहेरीतल्या सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा मिळवतात. वरवर पाहता ही सोय मुलांच्या फायद्याची वाटते, एखादा आठवडा वाईट गेला तरी चालते. प्रत्यक्षात ती उलटी वळते. सहाच निकाल धरायचे असतील तर जितके जास्त प्रयत्न तितकी चांगले सहा मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून पैसे असलेला पालक मुलाला वीस ठिकाणी फिरवतो, आणि नसलेला कर्ज काढून दहा ठिकाणी. महासंघाने तेरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी वर्षाच्या स्पर्धांवर मर्यादा घातली आहे ती यासाठीच. पण ती आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरती. देशातल्या, राज्यातल्या, जिल्ह्यातल्या स्पर्धांची बेरीज या हिशेबात येत नाही.

एवढ्या खेळाने वाढत्या शरीराचे नेमके काय होते?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांबते. मोठ्या माणसात सर्वांत कमकुवत जागा बहुधा स्नायू किंवा कंडरा असते, वाढत्या मुलात ही पट्टी आणि कंडरा हाडाला जिथे चिकटते ती जागा. म्हणून एकाच ताणाने वडिलांना कंडरेचा दाह होतो आणि मुलाच्या हाडाचा वाढीचा भागच दुखावतो. टाचेचे सेव्हरचे दुखणे आणि गुडघ्याखालच्या उंचवट्याचे ऑसगुड-श्लॅटर हे दोन प्रकार हार्ड कोर्टवर खेळणाऱ्या मुलांत नेहमी दिसतात. सर्व्हिसचा भार फार झाला तर खांद्याजवळची वाढीची पट्टी रुंदावते.

मुलींची उंची बाराच्या आसपास आणि मुलांची चौदाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात हाड आधी लांब होते आणि त्यात खनिजे नंतर भरतात, मधे काही महिन्यांचा फरक पडतो. म्हणजे मूल दिसायला अचानक उंच आणि दणकट होते, प्रशिक्षक त्याला जड रॅकेट आणि जोरदार सर्व्हिस देतात, आणि नेमके तेव्हाच त्याचे हाड त्यामानाने हलके असते. हात-पाय एकदम लांबल्याने फटक्याचा ताळमेळही बिघडतो. मुलगा ‘बिघडला’ म्हणून सराव वाढवला जातो. खरे तर हाच काळ सराव उतरवण्याचा.

पाठीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. सर्व्हिस करताना, विशेषतः वळणाऱ्या किक सर्व्हिसमध्ये, कंबर मागे वाकते, त्याच वेळी वळते, आणि मग झटक्याने पुढे येते. कंबरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीत एक अरुंद भाग आहे, पार्स म्हणतात त्याला. पुन्हा पुन्हा वाकण्या-वळण्याने तिथे ताणाचा तडा जातो. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उच्च दर्जाच्या ३३ किशोर टेनिसपटूंच्या कंबरेचे एमआरआय काढले. यांतल्या एकालाही पाठदुखी नव्हती, सरासरी वय सतराच्या थोडे वर. तरी ३३ पैकी २८ जणांच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष सापडला. नऊ जणांच्या पार्समध्ये इजा होती आणि २३ जणांत मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांच्या झिजेची सुरुवात.

हे आकडे वाचून घाबरायचे की नाही? दोन्ही बाजू आहेत. एमआरआयमध्ये दिसलेला प्रत्येक दोष दुखतोच असे नाही, आणि न दुखणाऱ्या पाठीचा एमआरआय हौसेने काढू नये. त्यातून उपचारापेक्षा चिंता जास्त मिळते. पण पाठ दुखू लागली तर मात्र चित्र बदलते. मोठ्या माणसाची कंबर दुखली तर बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. खेळणाऱ्या किशोराची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली, मागे वाकल्यावर जास्त दुखत असेल, एका बाजूला दुखत असेल, तर ताणाचा तडा आहे असे धरूनच तपासणी करावी लागते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसत नाही, आणि ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून मूल पुन्हा कोर्टवर जाते. लहान गावात एमआरआय सहज मिळत नाही हे खरे, पण विश्रांती मिळते. लवकर ओळखलेला तडा साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीने भरून येण्याची शक्यता चांगली असते. वेदनाशामक गोळ्या घेऊन स्पर्धा ‘काढून नेली’ तर तो कायमचा राहू शकतो, आणि दोन्ही बाजूंना झाला तर मणका पुढे सरकू शकतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या किटबॅगेत वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे असणे ही साधी गोष्ट नाही, पण टेनिसच्या जगात ती साधी मानली जाते.

म्हणून लहान मुलांना टेनिसपासून दूर ठेवावे असा याचा अर्थ नाही. फिनलंडमध्ये महिला टेनिस आणि स्क्वॉशपटूंच्या दोन्ही हातांची हाडे मोजली, तेव्हा खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा भरीव आढळले. ज्यांनी पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळ सुरू केला होता त्यांच्यात हा फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता. वाढीच्या वयात हाडाला मिळालेला भार म्हातारपणीही उपयोगी पडतो. प्रश्न टेनिस खेळण्याचा नाही, फक्त टेनिस आणि किती टेनिस, हा आहे.

अमेरिकेत डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुमारे बाराशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय सात ते अठरा, सगळ्या खेळांतली मुले. त्यांत दोन गोष्टी ठळक दिसल्या. आठवड्याला स्वतःच्या वयापेक्षा जास्त तास शिस्तबद्ध खेळ खेळणाऱ्यांना, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने बारा तासांहून जास्त, अतिवापराच्या गंभीर दुखापतींची शक्यता अधिक. आणि शिस्तबद्ध सराव हा मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असेल तरीही तसेच. मोकळा खेळ म्हणजे गल्लीतले क्रिकेट, लगोरी, पकडापकडी, सायकल. लक्षात ठेवायला सोपा असा हा आडाखा आहे. तो काही जादूची रेषा नव्हे, बारा तासांना सुरक्षित आणि तेराला धोका असे होत नाही. तरी आपल्याकडे शाळेआधी दोन तास आणि शाळेनंतर तीन तास असे वेळापत्रक पाळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा आठवड्याचा हिशेब पंचवीस-तीस तासांवर जातो, तेव्हा रेषा कुठे आहे हा वादच उरत नाही.

शारीरिक गुंतागुंत एकीकडे, पण एवढ्या लवकर एकाच खेळात शिरल्याने निदान जिंकण्याची शक्यता तरी वाढते का? यानिक सिनर तेरा वर्षांचा होईपर्यंत स्कीइंग करत होता, आठव्या वर्षी तो आपल्या वयोगटात इटलीचा विजेता होता. टेनिससाठी घर सोडून तो इटलीच्या किनाऱ्यावरच्या बोर्दिगेराला गेला तेव्हा कुठे त्याचा पूर्णवेळ सराव सुरू झाला. कनिष्ठ क्रमवारीत तो पहिल्या शंभरातही आला नाही. २०२४ मध्ये तो जगात अव्वल झाला. फेडरर बाराव्या वर्षाच्या आसपास फुटबॉल आणि टेनिस यांतून एक निवडत होता. दुसऱ्या बाजूला विल्यम्स भगिनी आहेत, ज्यांच्या वडिलांनी त्यांना कनिष्ठ स्पर्धांतून लवकर बाहेर काढले पण टेनिस मात्र चार-पाच वर्षांच्या असल्यापासून शिकवले. वाटा अनेक आहेत. मात्र बाराव्या वर्षीची क्रमवारी पंचविसाव्या वर्षीच्या क्रमवारीबद्दल फारसे सांगत नाही, हे या सगळ्यांत समान.

त्याचे एक कारण शरीराचे घड्याळ. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या मनगटांचे एक्स-रे काढले तर हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक सहज निघू शकतो, दोघांचेही जन्मदाखले खरे असूनही. एक मुलगा मिसरूड फुटलेला, दुसरा अजून बाळसेदार. पहिला सर्व्हिसच्या जोरावर जिंकतो, त्याला शिष्यवृत्ती आणि चांगला प्रशिक्षक मिळतो. दुसऱ्याला हरत हरत युक्ती शिकावी लागते, आणि बहुधा त्याआधीच तो सोडून देतो. वयोगट जन्मवर्षावरून ठरत असल्याने जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षभराची आघाडी असतेच, आणि जगभरच्या कनिष्ठ याद्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त भरतात. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी काही सामने जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून खेळवून पाहिले आहेत. आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे आठवतो तो वयचोरी पकडण्यासाठी. तोही प्रश्न खरा आहे, पण त्या एक्स-रेवरून नेमके वय कळत नाही, अंदाजाला मागेपुढे बरेच अंतर राहते, आणि लवकर वयात आलेल्या निरपराध मुलावर खोटेपणाचा शिक्का बसू शकतो.

भारताचा कनिष्ठ टेनिसमधला इतिहास मोठा आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये विम्बल्डनचे मुलांचे विजेतेपद मिळवले, रमेश कृष्णन यांनी १९७९ मध्ये, लिअँडर पेस यांनी १९९० मध्ये. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कनिष्ठ विजेता आणि कनिष्ठांत जगात अव्वल होता. २०१८ मध्ये तो एकेरीत ८३ व्या क्रमांकावर पोहोचला आणि त्याच वर्षी गुडघ्याने त्याला जवळपास दोन वर्षे बाहेर बसवले. नंतर तो दुहेरीकडे वळला. त्याच्या गुडघ्याचा संबंध कनिष्ठ वयातल्या खेळाशी जोडणे बरोबर नाही, तसा पुरावा नाही. प्रश्न वेगळाच आहे: चौदा ते अठरा वयात आपल्या मुलांना काय काय दुखले, याची एकत्र नोंदच नसेल तर असा संबंध आहे किंवा नाही हे कधी कळणार?

महाराष्ट्रात मुले कमी नाहीत. पुण्याचा मानस धामणे पंधराव्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत वाइल्ड कार्ड मिळवून खेळला, आणि सरावासाठी तोही बोर्दिगेराला जातो. ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकून, तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून परतली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकली. विद्यापीठाची वाट आपल्याकडे अजूनही ‘दुसरी पसंती’ समजली जाते. डॉक्टरच्या नजरेतून ती बरीच शहाणपणाची आहे. शरीर पूर्ण वाढेपर्यंत चार वर्षे मिळतात, फिजिओ आणि व्यायामशाळा फुकट, आणि गुडघा गेला तरी हातात पदवी राहते.

आपल्या परिस्थितीत दोन गोष्टींची भर पडते. पहिली उन्हाची. शाळांना सुट्टी असते म्हणून एप्रिल-मेमध्ये स्पर्धांची गर्दी होते. सिमेंटच्या कोर्टवर दुपारी पायाखालून आणि डोक्यावरून दोन्हीकडून भाजते. अनेक स्पर्धांत एकच मूल दोन वयोगटांत आणि शिवाय दुहेरीत नाव देते, म्हणजे एका दिवसात तीन सामने. मुले मोठ्यांपेक्षा उष्णता कमी सोसतात असे पूर्वी मानत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये हे मत बदलले: पाणी पुरेसे मिळाले तर मुले जवळपास मोठ्यांइतकीच उष्णता सोसतात. अडचण येते ती दोन सामन्यांमध्ये सावरायला वेळ न मिळाल्याने, पुरेसे पाणी आणि मीठ न मिळाल्याने, आणि नुकताच ताप येऊन गेलेला असताना खेळवल्याने. म्हणजे हा दोष मुलाच्या शरीराचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक मोठी माणसे करतात. पुण्याहून नागपूरला मे महिन्यात स्पर्धेला जाणाऱ्या मुलाला त्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. ते पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री रेल्वेतून उतरते.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. टेनिस खेळणारी घरे तुलनेने सुस्थितीतली असली तरी लोहाची कमतरता पैशाला विचारून येत नाही. त्यात दिवसाला चार तास खेळ आणि ‘हलके राहायला हवे’ म्हणून पोळ्या मोजणे. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात गेले नाही की शरीर आधी पाळी थांबवते, मग हाडांवर काटकसर करते. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, आणि ती मुलांमध्येही होते. पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळे होतं तसं’ म्हणून सोडून देणारे प्रशिक्षक आणि आया, दोन्ही भेटतात. खेळामुळे होत नाही, उपाशी खेळल्यामुळे होते. हिमोग्लोबिनची तपासणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

अगदी लहान मुलांसाठी जगाने एक सोपी सुधारणा केली आहे. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत पूर्ण आकाराच्या कोर्टवर नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. लाल चेंडू सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. कोर्टही ११ मीटरपासून सुरू होऊन १८ आणि मग पूर्ण लांबीचे. मंद चेंडू मुलाच्या कमरेच्या उंचीला येतो, त्यामुळे खांद्यावरून ओढून मारण्याची आणि मनगट पिरगाळण्याची सवय लागत नाही. आपल्याकडे हे चेंडू ‘बच्चे कंपनी’चे म्हणून हिणवले जातात. आठ वर्षांचे मूल पिवळ्या चेंडूने खेळते याचा पालकांना अभिमान असतो, आणि नको ते फटके तिथेच पक्के होतात.

पालकांना घरी करता येण्यासारखी एक गोष्ट भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेइतकी साधी आहे. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली तर वेगाने वाढण्याचा काळ सुरू झाला असे समजून सर्व्हिस आणि उड्यांचा सराव कमी करावा, आठवड्यात किमान एक दिवस रॅकेटला हात लावू नये आणि वर्षात सलग काही आठवडे दुसराच खेळ खेळू द्यावा. सांध्याजवळच्या हाडावर बोट ठेवल्यावर दुखणे, लंगडणे, रात्री दुखून जाग येणे, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली पाठदुखी, यांपैकी काहीही असेल तर पुढची स्पर्धा कितीही महत्त्वाची असली तरी आधी डॉक्टर.

राहिला प्रश्न नोंदींचा. महिला टेनिसला आपल्या नियमाचा परिणाम मोजता आला तो खेळाडूंची जन्मतारीख, पहिली स्पर्धा आणि शेवटची स्पर्धा लिहिलेली होती म्हणून. चौदा वर्षांखालच्या मुलांबाबत असे मोजमाप आपल्याकडे होत नाही, आणि दुखापतींचा मोठा भाग त्याच वयात पेरला जातो. राज्य पातळीवरच्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना जन्मतारीख लिहावीच लागते. त्याच अर्जावर आजची उंची, गेल्या तीन महिन्यांत खेळलेले सामने आणि दुखण्यामुळे चुकलेले दिवस, असे तीन रकाने वाढवले तरी दोन-तीन वर्षांत पुरेशी माहिती जमेल. त्याला नवीन यंत्रसामग्री लागत नाही, एक मोजपट्टी लागते.